आखाजीची गाणी, नाना आकारांचे व्हिडिओ आणि साधा डीव्हीडी प्लेअर: कामाच्या नोंदी

२४ मार्च २०२५, सोमवार

वाचनालयाचे नाना दुपारी दुकानात आले. दोन पेन ड्राइव्ह, एक जुनं मेमरी कार्ड आणि सीड्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. आमच्या तापीकाठच्या गावात आणि आजूबाजूला गेल्या वीसेक वर्षांत आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्यानं जे शूट केलं, ते घरोघरी फिरून त्यांनी गोळा केलंय. गौराईची गाणी, झोक्यावरची गाणी, नदीवरची बोळवण. म्हणणाऱ्या बायकांपैकी काही आता हयात नाहीत. नानांना या सगळ्याची डीव्हीडी हवी आहे, आणि ती आखाजीच्या आत गावात वाटायची आहे. आखाजी ३० एप्रिलला.

‘यूट्यूबवर टाकून द्या’ असं चौघांनी तरी सांगितलं असेल. ते नंतर टाकूच. पण ज्यांची ही गाणी आहेत त्या सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्याकडे टीव्ही आहे, त्याच्याखाली रुमाल झाकलेला डीव्हीडी प्लेअर आहे, आणि डिस्क घालून बटण दाबणं त्यांना जमतं. सुना-नातवंडांकडे मोबाईल मागायची पाळी त्यांच्यावर येऊ नये. काम घेतलं. पैशांचं बोलणं झालं नाही, होणारही नाही.

२५ मार्च, मंगळवार

सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवल्या, मूळ नावं तशीच ठेवली. एकेक फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वहीत लिहिली. मापांचा बाजारच भरला आहे:

जुन्या नोकियाच्या थ्रीजीपी फाइली, १७६ बाय १४४ पिक्सेल (चित्राचे ठिपके). व्हीसीडीवरचं शूटिंग, ३५२ बाय २८८. लग्नाच्या शूटिंगवाल्यानं काढलेलं टेपवरचं, १४४० बाय १०८०. मोबाईलवरचं उभं, १०८० बाय १९२०. रीलसाठी कापलेलं चौकोनी, १०८० बाय १०८०. आणि कोणीतरी लांबुळक्या फोनवर स्क्रीन रेकॉर्ड केलेलं, २४०० बाय १०८०.

डीव्हीडीला यातलं एकही माप जसंच्या तसं चालत नाही, अपवाद फक्त व्हीसीडीचा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, दाबून साठवायची पद्धत एमपेग-२. याशिवाय ७०४ बाय ५७६, ३५२ बाय ५७६ आणि ३५२ बाय २८८ एवढीच मापं चालतात. आणि दिसण्याचे आकार फक्त दोन: ४:३ किंवा १६:९. तिसरा आकार प्लेअरला माहीतच नाही. उभ्या व्हिडिओला उभा म्हणून सांगायची सोयच त्यात नाही.

२७ मार्च, गुरुवार

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की केली, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. कुठल्याही बाईचं तोंड ताणलेलं किंवा चेपलेलं दिसता कामा नये, आणि पडदा भरावा म्हणून कुणाचं डोकं किंवा पाय कापायचे नाहीत. काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ देत.

हे लिहायचं कारण असं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून करून आणलेली डीव्हीडी नानांनी दाखवली. फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकली, ‘डीव्हीडी’ निवडलं, बटण दाबलं, एवढंच तिथं झालेलं दिसतं. उभ्या व्हिडिओतल्या बायका खापरावर टाकायच्या मांड्यासारख्या आडव्या पसरल्या आहेत. कोण कुठली ते आवाजावरून ओळखावं लागतं. चेहरा ओळखू येत नसेल तर ही डीव्हीडी कशासाठी करायची?

हिशेब समजला की हे टाळता येतं. फाइलमध्ये किती पिक्सेल आहेत आणि चित्र दिसायला कसं असावं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीव्हीडीचा पिक्सेल चौकोनी नसतो. ७२० बाय ५७६ हे गणितानं ५:४ होतं, पण पडद्यावर ते ४:३ दिसतं, कारण प्रत्येक पिक्सेल किंचित रुंद, १६:१५ धरला जातो. तेच ७२० बाय ५७६ जर १६:९ म्हणून लावलं, तर पिक्सेल ६४:४५ एवढा रुंद होतो. काही जण ४:३ साठी १६:१५ ऐवजी १२:११ धरतात. दोन्हींत दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, तो डोळ्याला कळत नाही. मी १६:१५ धरून चाललोय.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, दुकानात गर्दी. संध्याकाळी नानांसोबत ओळखीच्या घरांतले टीव्ही बघून आलो. निम्म्या घरांत अजून जुना डबा टीव्ही आहे, ४:३ वाला. बाकी ठिकाणी ३२ इंची एलईडी. प्लेअर मात्र सगळीकडे साधे, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरनं जोडलेले.

या फेरीत सगळ्या कामाचा आराखडाच बदलला. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार सांगायची जागा असते: ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या), ४:३ पॅनस्कॅन (बाजू कापून) किंवा १६:९. कंपनीनं लावून दिलेली सेटिंग कुणी बदललेली नाही. त्यामुळे एलईडीवरही प्लेअर समजतो की समोर डबा टीव्ही आहे. आणि टीव्ही स्वतः, काहीही आलं तरी पडदाभर ताणतो. एका घरात ४:३ ची जुनी भजनांची डिस्क लावून बघितली. महाराजांचे गाल सव्वापटीहून रुंद. घरातल्यांना त्याचं काही वाटत नाही, सवय झाली आहे.

म्हणून ठरवलं, एकाऐवजी दोन डिस्क करायच्या. एक डबा टीव्हीसाठी, सगळं ४:३ च्या चौकटीत. दुसरी एलईडीसाठी, सगळं १६:९ च्या चौकटीत. काळ्या पट्ट्या चित्रातच बसवायच्या, म्हणजे प्लेअरनं किंवा टीव्हीनं आकाराचं काही ठरवायला उरणार नाही. काम दुप्पट होईल, होऊ दे.

१ एप्रिल, मंगळवार

उभे व्हिडिओ. संख्येनं हेच सगळ्यात जास्त, म्हणून यांच्यावरच वेळ घालवला.

डबा टीव्हीच्या डिस्कचा हिशेब असा. उभं चित्र ९:१६. पूर्ण उंची ५७६ ओळी वापरली, तर चौकोनी पिक्सेलमध्ये रुंदी ३२४ येते. डीव्हीडीचा पिक्सेल १६:१५ रुंद, म्हणून ३२४ ला १५ नं गुणून १६ नं भागायचं, म्हणजे ३०४ च्या जवळ. दोन्ही बाजूंना २०८ पिक्सेलची काळी पट्टी. आकडे छान जमतात, कारण ३०४ आणि २०८ दोन्ही १६ च्या पाढ्यात आहेत. एमपेग-२ चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन पाडून काम करतं. पट्टीची कड चौकोनाच्या मध्येच आली की त्या कडेला मुंग्या आल्यासारखं हलतं. कड चौकोनाच्या रेषेवर बसली की स्वच्छ राहते.

पण डबा टीव्ही चारही बाजूंनी चित्र थोडं खातो, कुठं कमी कुठं जास्त. आडव्या चित्रात ते चालून जातं. उभ्या मोबाईल व्हिडिओत मात्र वर गौराईचा मुकुट आणि खाली पाय, अगदी कडेला असतात. म्हणून चित्र थोडं लहान केलं: ५४४ ओळी उंच, २८८ रुंद. वर-खाली १६ ओळी काळ्या, बाजूंना २१६. इथे २१६ हा १६ च्या पाढ्यात नाही, पण ८ च्या आहे, आणि आतली बारीक मोजणी ८ बाय ८ च्या तुकड्यांतच होते. कड स्वच्छ आली.

एलईडीच्या डिस्कमध्ये तेच चित्र ५४४ उंच आणि फक्त २१६ रुंद बसतं. १०८० पिक्सेलचं २१६ वर आलं. वाईट वाटतं, पण १६:९ च्या चौकटीत उभं चित्र म्हटलं की एवढंच मिळणार. बरोबर मध्ये ठेवलं तर कड २५२ वर येते, ती ८ च्या पाढ्यात बसत नाही. म्हणून डावीकडे २४८ आणि उजवीकडे २५६ सोडले. एवढं सरकलेलं कुणाला दिसत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

काही उभे व्हिडिओ आडवे पडलेले निघाले. मोबाईल कसाही धरा, आतला सेन्सर आडवंच चित्र लिहितो आणि फाइलमध्ये ‘९० अंश फिरवून दाखवा’ अशी खूण ठेवतो. रूपांतराचं सॉफ्टवेअर एफएफएमपेग ती खूण पाळतं. पण एकदा व्हॉट्सॲपवरून, मग कुठल्या तरी एडिटिंग ॲपमधून फिरून आलेल्या फाइलींत खूण गळून गेलेली असते. त्या हातानं फिरवल्या. अशा ठिकाणी मूळ फाइल मिळते का, हे आधी विचारायचं. दोन घरांत मूळ मिळाली, फरक लगेच कळतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्यात बांगड्या आणि हात एकच झाले होते.

६ एप्रिल, रविवार

पुतण्या धुळ्याहून आला आहे. त्याचं म्हणणं, काळ्या पट्ट्या जुन्यापुराण्या वाटतात. बाजूंना तेच चित्र मोठं करून, धूसर करून लावायचं, सगळे तसंच करतात. करून बघितलं. ३२ इंची टीव्हीवर समोर बसून बघितलं तेव्हा माझं मत पक्कं झालं: मधली बाई गातेय आणि दोन्ही बाजूंना तिचाच पदर धुक्यासारखा हलतोय. नजर तिच्या तोंडावर ठरत नाही. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना तर चित्र कुठं संपतं तेच कळणार नाही. पट्ट्या काळ्याच राहतील. पुतण्याला पटलं नाही, पण फाइली फिरवायला तो रात्री दहापर्यंत बसला.

त्यानंच आणखी एक युक्ती सुचवली. एलईडीच्या डिस्कमध्ये चित्र १६:९ साठी आवळून बसवायचं, पण खूण ४:३ ची ठेवायची. म्हणजे प्लेअरची सेटिंग काहीही असली तरी तो चित्राला हात लावणार नाही, आणि टीव्ही पडदाभर ताणून बरोबर आकार देईल. युक्ती चालते, तपासून बघितली. तरी घेतली नाही. उद्या कुणी ही डिस्क संगणकात घालील किंवा त्यावरून पुढची प्रत काढील, तेव्हा खोटी खूण बघून सगळं चित्र चेपलेलं दिसेल, आणि तेव्हा सांगायला आपण नसू. खूण खरी ठेवायची. एलईडीवाल्या घरांत जाऊन प्लेअरची सेटिंग १६:९ करून देऊ, घरटी दोन मिनिटांचं काम.

९ एप्रिल, बुधवार

आज थ्रीजीपी फाइली. १७६ बाय १४४, सेकंदाला १५ फ्रेम. बोटाच्या पेराएवढं चित्र.

हा आकार विचित्र दिसतो, गणितानं ११:९ येतो. पण मुळात तो ४:३ च आहे. या मापात पिक्सेल १२:११ रुंद धरलेला असतो. १७६ ला १२ नं गुणून ११ नं भागलं की १९२, आणि १९२ बाय १४४ म्हणजे बरोब्बर ४:३. म्हणून याला पट्टी लावायची नाही, ताणायचंही नाही. दोन्हीकडून नेमकं दुप्पट केलं की ३५२ बाय २८८ होतं, आणि ते माप डीव्हीडीला चालतं. मोठं करायचं काम प्लेअरवर सोडलं. ७२० वर नेऊन धारदार करायचे फिल्टर लावून बघितले, तर चेहऱ्यावर चौकटी उठायला लागल्या. साधं दुप्पटच बरं दिसतं.

आवाज एएमआरचा, सेकंदाला ८००० नमुने. डीव्हीडीला ४८००० लागतात, म्हणजे बरोब्बर सहापट. फोनच्या बोलण्यासाठी केलेली ही पद्धत, गाण्यासाठी नव्हे; वरचे सूर गेलेलेच आहेत. खालची घरघर थोडी कमी केली, त्यापुढे हात लावला नाही.

एक फाइल सव्वा मिनिटाची आहे. एक म्हातारी ओट्यावर बसून गातेय, मागे शेळी ओरडते, कुणीतरी ‘आजी, जोरबन’ (जोरात) म्हणतं आणि ती हसून पहिल्यापासून म्हणते. दुकानात शेजारच्या वहिनी रिचार्जला आल्या होत्या. चित्र त्यांच्या बाजूला नव्हतं, नुसता आवाज ऐकून थांबल्या. म्हणाल्या, “हाई मनी मायना आवाज शे.” मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांच्या आईचं हे एवढंच हलतं चित्र शिल्लक आहे, त्यांना ते असल्याचंही माहीत नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार

व्हीसीडीचं काम सोपं. एमपेग-१, ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम, हे डबा टीव्हीच्या डिस्कमध्ये जसंच्या तसं जातं. फक्त आवाज ४४१०० चा आहे, तो ४८००० वर आणला. चित्र पुन्हा दाबायचं नाही, म्हणजे आणखी खराब होत नाही. एलईडीच्या डिस्कसाठी मात्र ५४० बाय ५७६ करून मध्ये बसवावं लागलं, बाजूंना ९०-९० ची पट्टी.

दोन सीड्या चरे पडून वाचत नाहीत. एक हळू वाचणाऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये निघाली, दुसरीची शेवटची तीन गाणी गेली.

१२ एप्रिल, शनिवार

टेपवरचं शूटिंग, १४४० बाय १०८०. वरवर बघितलं तर हे ४:३ वाटतं, आणि बरीच सॉफ्टवेअरं तसंच दाखवतात, त्यात माणसं उंच-सडपातळ दिसतात. खरं तर यातला पिक्सेल ४:३ रुंद असतो, म्हणजे चित्र पूर्ण १६:९. एलईडीच्या डिस्कमध्ये ते ७२० बाय ५७६ मध्ये काठोकाठ बसतं. डबा टीव्हीच्या डिस्कमध्ये ४३२ ओळींत, वर-खाली ७२ काळ्या.

खरी मेहनत ओळींची आहे. हे चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांचे अर्धे-अर्धे भाग एकाआड एक ओळीत विणलेले. ते तसंच लहान केलं की दोन क्षण एकमेकांत मिसळतात आणि हलणाऱ्या हाताला दोन-दोन कडा येतात. आधी ते सोडवून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम केल्या, मग लहान केल्या, मग पुन्हा विणल्या. कुठली ओळ आधी, हे फाइलवरच्या खुणेत बरोबर लिहिलं पाहिजे. उलट झालं तर फुगडी घालणारी मुलगी पुढं जाताना क्षणाक्षणाला मागं येते. संगणकावर हे दिसत नाही, डबा टीव्हीवर लगेच दिसतं. म्हणून दुकानातला जुना डबा टीव्ही माळ्यावरून खाली आणून टेबलाशेजारी लावला आहे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची मिरवणूक, दुपारनंतर दुकान बंद. सकाळी चौकोनी आणि लांबुळके व्हिडिओ उरकले. चौकोनी ४:३ मध्ये ५४० बाय ५७६ बसतो. २४०० बाय १०८० वाला १६:९ मध्ये ७२० बाय ४६४, वर-खाली ५६. स्क्रीन रेकॉर्डमध्ये वर बॅटरी आणि नोटिफिकेशन दिसतात. तेवढी पट्टी झाकली, माणसं झाकली नाहीत.

१६ एप्रिल, बुधवार

झोका अडकतोय.

मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतो, तेही मोजून नाही. उजेड कमी झाला की २४ वर येतो, पुन्हा वाढतो. डीव्हीडीला पक्क्या २५ लागतात. सरळ रूपांतर केलं की दर सहावी फ्रेम टाकली जाते. ओट्यावर बसून गाणाऱ्यांच्या बाबतीत कळत नाही. पण लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका पंचवीस फूट पुढं-मागं जातो, त्यात सेकंदाला पाच हिसके दिसतात. बघणाऱ्याच्या पोटात ढवळेल.

मधल्या फ्रेमा सॉफ्टवेअरकडून बनवून घेतल्या. झोका मऊ झाला, पण झोक्याची दोरी मध्येच विरघळते आणि मुलीचा हात झाडात मिसळतो. नको. दोन फ्रेमा एकमेकांत मिसळून बघितल्या. भुतासारखी दुहेरी छाया. नको. शेवटी टेपवाली रीतच उपयोगी पडली: ३० चं ५० करायचं आणि मग विणायचं, म्हणजे टीव्हीला सेकंदाला ५० अर्धे भाग मिळतात. हिसके पूर्ण जात नाहीत, पण बारीक होतात, आणि डबा टीव्हीवर तर जवळजवळ दिसतच नाहीत. झोका, फुगडी आणि नाच असलेल्या गाण्यांना हेच केलं. बाकीची साध्या २५ वर.

पुतण्या म्हणतो, एनटीएससी म्हणजे अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीची डिस्क करा, तिथं २९.९७ फ्रेम चालतात. खरं आहे, पण ५७६ ओळींच्या जागी ४८० मिळतात. उभ्या व्हिडिओत आधीच माणसं लहान झाली आहेत, त्यातल्या आणखी ओळी मी देणार नाही.

१९ एप्रिल, शनिवार

रंग. मोबाईलचे एचडी व्हिडिओ ७०९ नावाच्या रंगपद्धतीत असतात, डीव्हीडी ६०१ मध्ये. आकार बदलताना रंगाचा हा हिशेब बदलला नाही, तर कुंकवाचा लाल काळवंडतो आणि गौराईमागच्या केळीच्या पानांचा हिरवा भडक होतो. फरक थोडा असतो, एकच चित्र बघितलं तर कळतही नाही. शेजारी मूळ लावलं की कळतो. सगळ्या एचडी फाइली पुन्हा काढल्या. रात्रभर मशीन चालू ठेवायचं होतं, पण दीडला वीज गेली, पहाटे आली. इन्व्हर्टरवर पंखा की संगणक, हा प्रश्न आमच्याकडे एप्रिलमध्ये अवघड असतो.

२१ एप्रिल, सोमवार

आवाजाच्या पातळ्या सारख्या केल्या. एका गाण्याला रिमोट उचलून वाढवायचा, पुढच्याला दचकून कमी करायचा, असं होऊ नये. पण एका गाण्याच्या आतली चढ-उतार तशीच ठेवली. बायका सुरुवातीला लाजत हळू म्हणतात आणि तिसऱ्या कडव्याला गळा मोकळा होतो. तेही त्या गाण्यात आहे, ते सपाट करायचं नाही. आवाज साठवायची पद्धत एसी-३, १९२ किलोबिट, स्टीरिओ.

२३ एप्रिल, बुधवार

जुळवणी, डीव्हीडीऑथर या डीव्हीडी बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. एकूण ११० मिनिटं. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. मिनिटांचे सेकंद करून भागलं की सेकंदाला सुमारे ५.७ मेगाबिट येतात, त्यातून आवाज आणि बांधणीचा खर्च वजा करून चित्राला सरासरी ५ धरले, वरची मर्यादा ८. नियमानं चित्राला ९.८ पर्यंत चालतं, पण घरी राइट केलेली डिस्क जुन्या भिंगाला तेवढ्या वेगानं वाचता येईलच असं नाही. दोन फेऱ्यांत दाबलं, म्हणजे काळ्या पट्ट्यांना खर्च नाही आणि झोक्याला जास्त.

डबा टीव्हीच्या डिस्कमध्ये अडचण आली. एका टायटलसेटमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या व्हिडिओंच्या एका गटात, चित्राचं माप आणि पद्धत एकच लागते. ३५२ वालं एमपेग-१ आणि ७२० वालं एमपेग-२ एकत्र बसत नाहीत. म्हणून थ्रीजीपीही एमपेग-१ मध्येच काढून व्हीसीडीच्या सेटमध्ये घातल्या, दुसरा सेट ७२० चा. एका सेटमधून थेट दुसऱ्यात उडी मारता येत नाही, मुख्य मेनूतून वळसा घ्यावा लागतो. तो वळसा दिसू नये म्हणून तिथं रिकामं काळं पान ठेवलं. मध्ये क्षणभर अंधार होतो, मग पुढचं गाणं सुरू.

बघणाऱ्याला दिसेल असा मेनू ठेवलाच नाही. डिस्क घातली की पहिलं गाणं सुरू होतं, आणि पुढचं बटण दाबलं की पुढचं गाणं. सत्तर वर्षांच्या माणसाला बाणांची चार बटणं फिरवून ‘ओके’ दाबायला लावणं मला मान्य नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

जळगावला गोलाणी मार्केटमधून ब्लँक आणल्या. डीव्हीडी-आर घेतल्या, प्लस-आर नाही. जुने प्लेअर वजावाली डिस्क जास्त निमूटपणे वाचतात. आधी पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्कवर चाचणी केली, तर नानांच्या प्लेअरनं ती ओळखलीच नाही. पुसता येणारी डिस्क उजेड कमी परतवते आणि थकलेल्या भिंगाला ती दिसत नाही. तीच डिस्क दुसऱ्या घरात चालली. चाचणीसाठीही साधीच वापरावी लागणार.

बाहेर ऊन असं की मोटारसायकलची सीट हाताला लागत नाही. ब्लँकवरचा थर सेंद्रिय रंगाचा असतो, ऊन आणि उष्णता दोन्ही त्याचे वैरी. पिशवी ओल्या गमछ्याऐवजी कोरड्या टॉवेलात गुंडाळून आणली, ओलही नको.

२७ एप्रिल, रविवार

दोन्ही डिस्क दोन्ही प्रकारच्या टीव्हींवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितल्या. नाना, पुतण्या, वहिनी आणि त्यांच्या दोघी जावा. बघायला बसवलेल्यांना मी काही सांगितलं नव्हतं. एका उभ्या व्हिडिओत थोरल्या जाऊबाई स्वतः आहेत, आधीच्या दुकानवाल्या डीव्हीडीत त्या पसरलेल्या होत्या. या वेळी दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, इथं काही यायचं राहिलं का? म्हटलं, नाही, मोबाईल उभा धरला होता, तेवढंच आहे. मग म्हणाल्या, “आते मी मनासारखी दिखस.” म्हणजे, आता मी माझ्यासारखी दिसते.

एकच दुरुस्ती निघाली. डबा टीव्हीवर एका चौकोनी व्हिडिओची खालची ओळ, ज्यात गावाचं नाव लिहिलेलं आहे, खाल्ली जाते. तो ५१० बाय ५४४ करून पुन्हा बसवला.

२८ एप्रिल, सोमवार

राइटिंग. वेग चार ठेवला, प्रत्येक डिस्क बंद करून, तपासणीसकट. दुपारी दोन ते पाच मशीन बंद ठेवलं, ड्राइव्ह इतका तापतो की तपासणीत चुका यायला लागतात. डिस्कवर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘डबा’ आणि ‘एलईडी’. गोंदाची लेबलं लावली नाहीत. ती उन्हाळ्यात सुटतात आणि प्लेअरमध्ये अडकतात.

२९ एप्रिल, मंगळवार

पुतण्यानं एलईडीवाल्या घरांत जाऊन प्लेअर १६:९ वर लावले. काही प्लेअरचे रिमोट हरवलेले. तिथं सेटिंग बदलता येत नाही, पुढच्या बटणांनी फक्त चालू-बंद होतं. अशा घरांत एलईडी असूनही ‘डबा’ डिस्क दिली आणि टीव्हीच्याच रिमोटनं टीव्हीचा आकार ४:३ करून दिला. चित्र बरोबर येतं.

३ मे, शनिवार

आखाजी झाली. माहेरवाशिणी आल्या होत्या, त्यामुळे डिस्क घरोघरी चालल्या आणि आणखी प्रतींची मागणी आली. दोन तक्रारी. एका प्लेअरमध्ये शेवटची दहा मिनिटं अडखळतात. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, शेवट बाहेरच्या कडेला येतो आणि तिथं भिंग डगमगतं. त्या घरासाठी सरासरी ४ मेगाबिटवर वेगळी प्रत काढली, म्हणजे लिहिलेला भाग कडेपासून बराच आत संपतो. आता नीट चालते. दुसऱ्या घरातला प्लेअर कुठलीच डिस्क वाचत नाही, त्याचं भिंग साफ करून बघायचं आहे.

सासरी गेलेल्या मुलींनी शिरपूर, शहादा, पारोळ्याकडून त्यांच्या गावचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली आहे. सगळ्यांना एकच निरोप दिला: व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका. पहिली फाइल आजच आली. ६४० बाय २७२, कुणीतरी वरून-खालून आधीच कापलेली आहे. न कापलेली कुणाकडे आहे का, ते विचारायला सांगितलंय.